लॉरी एकाच दारी

कुंभकोणम्,
२२ नोव्हेंबर १९९९

चि. चंद्रमौली यास,

आशीर्वाद. इकडे सारे क्षेम. यांचा गुडघा दुखतो तसाच दुखतो, पाऊस जरा उघडला आहे. कार्तिकदीपासाठी भावानं बहिणीला पाठवायचं सीर पोचलं. साडीचा काठ सुरेख आहे. घडी मोडलेली नाही. आणणाऱ्या माणसाबरोबरच परत पाठवते आहे.

उन्हाळ्यात तंजावरहून आलास तेव्हा काय ऐट होती तुझी! "अक्का, कचेरीचे उंबरठे झिजवायचे दिवस गेले. कॉम्प्युटरवर लिहा, कलेक्टर ऑफिस उत्तर देतं. ते खातं माझ्याकडेच आहे." आमच्या नळाला तेव्हाही गटाराचं पाणी येत होतं. तुला तिथंच सांगता आलं असतं. दिल्या घरच्या लेकीनं भावापुढं हात पसरू नये, हे आईनं शिकवलेलं. म्हणून गल्ली गोळा केली, बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरात गेलो आणि सगळ्यांच्या वतीनं तक्रार धाडली. शेजारच्या अंबुजामामी म्हणाल्या, "तुझंच नाव घाल गे. तुला लिहायास येतं."

आठवड्याच्या आत पाण्याची लॉरी आली. फक्त माझ्या दारी. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी हेच एक घर सांगितलंय. यांनी पिंपं भरून घेतली. घागरी घेऊन आलेल्या बायका तशाच परतल्या. आणि कॉम्प्युटरवर तुमचं उत्तर: 'तक्रारीचं निवारण झालं. सहकार्याबद्दल आभार.' वर फोन करून हसतोस, "अक्का, झालं ना तुझं काम?"

माझं काम? अरे शहाण्या, तक्रार गल्लीची होती. तू खालचं नाव तेवढं वाचलंस आणि सरकारी लॉरीतून बहिणीला सीर धाडलंस. दुसऱ्यांदा लिहिलं तर उत्तर येतं की याचं निवारण पूर्वीच झालेलं आहे. नळाला अजून तीच घाण येते. एवढा शिकलास, पण अक्कल गहाण टाकून खुर्चीत बसलास. तुझी मला लाज वाटते.

अंबुजामामींना कावीळ झाली होती. नीट लिहिते: मामी गेल्या शुक्रवारी वारल्या. मी धावत गेले तर त्यांच्या मुलानं, जानकीरामनं, दारातच थांबवलं. आवाजसुद्धा चढवला नाही. "अक्का, तुम्हांस लॉरी आली. आम्हांस नळाचंच पाणी होतं. तुम्ही घरी जावा." आतल्या बायकांनी तोंडं फिरवली. मामींचं तोंड मला शेवटचं पाहू दिलं नाही, चंद्रमौली. माझी बाळंतपणं काढली होती त्यांनी.

आता गल्लीनं नवी तक्रार केली आहे. माझं नाव त्यांनी त्यात घेतलं नाही. उत्तर मला पाठवू नकोस. नळ दुरुस्त कर, मग जानकीरामच्या दारात जा आणि त्याला तोंडानं उत्तर दे. आल्यास माझ्या घराकडं वळू नकोस.

तुझी अक्का नव्हे,
त्या बंद केलेल्या तक्रारीची तक्रारदार,
त्रिपुरसुंदरी