काळे लंगोट

प्रिय सुनू,

आधी माझं गाऱ्हाणं. रामनगरच्या दुकानदाराने मला भेसळीचा साबण विकला, असं मी अख्ख्या नंदिगड्ड्यात सांगून आले. साबण बदलला, सोडा बदलला, ओढ्यावरची धोंडसुद्धा बदलली; बाळीचे लंगोट घासावेत तितके काळे. मग साबण सुटला आणि तू सापडलीस. "माझ्या भावानं पोरीला कॉलेज शिकवलं, लंगोट धुवायला न्हाई शिकवलं," हे ओढ्यावर मी म्हटलं. बायका हसल्या म्हणून पुन्हा म्हटलं. वर ते लंगोट गोठ्यामागे वाळत घालायला लावले. तू बाळीला घेऊन माहेरी कुंभारवाड्याला निघून गेलीस. आणि आत्या तुझ्या बहिणीला, रक्षिताला, आमच्या धाकट्या सूरजसाठी मागायला दिवाळीनंतर येणार, असं तुमच्याकडे सगळे धरून होते. त्याकडे येतेच.

बाळीच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये काय आलं ते माझ्या गुणाने तुला फोनवर सांगितलंच. बाळीच्या अंगात एक एन्झाइम नाही. जे मोडायचं ते मोडत नाही, लघवीतून येतं, हवा आणि साबण लागला की काळं पडतं. त्याने हे सांगितलं नसेल, की डॉक्टरीणबाई रिपोर्ट सोडून माझेच कान बघत बसल्या. कानाच्या निळ्या कडा! देवाने आमच्या घराण्याच्या कानात फुंकर घातलीय, असं बाबा सांगायचे. ती फुंकर बाहेर जाऊ नये म्हणून मी गुणाला मामाचीच पोर केली. तेच काळं वर्षानुवर्षं कानात, सांध्यांत साचत जातं म्हणे; माझी कंबर, दादाचे गुडघे, सगळं त्याच फुंकरीचं निघालं. आमच्या वेळी कळणार कसं? लंगोट होता कुणाला. शेणाच्या जमिनीवर काळं काय दिसणार!

बाई म्हणाल्या, दोन्हीकडून आलं तरच बाळाला होतं. म्हणजे तू एकटीने काही आणलं नाहीस, सुनू. अर्धं माझ्याकडून आलं, आणि तुझं अर्धं त्याला येऊन मिळालं ते लग्न मीच हट्टाने जुळवलं. बाळीला पुढे पाठीचं दुखणं येईल तेव्हा मी नसेन. बोल ऐकायलासुद्धा नसेन.

म्हणून हे लिहिलं. रक्षिताला मी मागणार नाही. दादा रागावला, पोरीत खोट काढली म्हणाला. खोट माझ्या कानात हाय म्हटलं, येऊन बघ. आज ओढ्यावरही तेच सांगितलं, कुणी हसलं नाही. तुझे राहिलेले लंगोट मी धुतले. काळेच राहिले. पुढच्या अंगणात, वाटेवरून दिसतील असे वाळत घातलेत.

तुझीच, सासूच्या आधीची
आत्या