एकोणीस करडे कोट

ज्या माणसाने एकतीस वर्षे सैनिकांचे कोट शिवले, त्याने कोटाच्या रंगाबाबत माझे का ऐकून घेतले? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. बाकी जे सांगता येते, ते खाली लिहिते.

मी, वय सव्वीस, घरातली पहिली पदवीधर, सार्वजनिक वाचनालयात साहाय्यक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "मग हे लिहायला कशाला बसलीस, ताई? आणि वाटायला आहे काय तुझ्याकडे?"

आहे ते असे.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती भावाच्या लग्नासाठी राखून ठेवू नये, स्वतःच्या गुडघ्यांवर उपचार करून घ्यावेत. ती "बघू" म्हणेल. "बघू" चालणार नाही.

२. सायकल आणि पुस्तके भावाला. पुस्तके रद्दीत घालायची असतील तर घालावीत, पण त्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा उघडून पाहावे. सायकलचा मागचा ब्रेक कोणी बिघडवला, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

३. आता एकोणीस सैनिकांबद्दल. शेजारच्या घड्याळजी काकांच्या मागच्या खोलीत भिंतभर पसरलेली छोटी रेल्वे आहे. खेळणे म्हटले की काका चिडतात, प्रतिकृती म्हणायचे. तिच्या एका लहान स्टेशनावर एका जुन्या लढाईच्या हिवाळ्यातली, पाण्यासाठी थांबलेली सैनिकांची गाडी आहे. त्या फलाटावरची बोटाच्या पेराएवढी माणसे माझ्या बाबांनी केली. बाबा गणवेशाच्या कारखान्यात शिंपी होते. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे सैनिक सगळे लढणारे असतात. बाबा त्यांचे हात कोपरापासून कापत, सुईचा तुकडा घालून नव्याने जोडत, सांधे पुट्टीने बुजवत. मग कोणी बाटलीत पाणी भरी, कोणी दुसऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून पत्र लिही. गुडघ्यावर बसून नेम धरणाऱ्या एकाची बंदूक काढून त्यांनी त्याला सुई ओवायला बसवले, मांडीवर बटण तुटलेला कोट. "मान बदलावी लागली नाही बघ," ते म्हणाले होते. "नेम धरताना कलते तशीच सुई ओवतानाही कलते."

सगळ्यांचे कोट त्यांनी निळसर करडे रंगवले होते.

मी तेव्हा इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला होते. गणवेशांचे एक जाडजूड पुस्तक मी घरी आणले, पान एकशे बारा उघडले आणि म्हटले, "बाबा, हे चूक आहे. कोट मातकट हवेत."

त्यांनी चित्र पाहिले. बराच वेळ पाहिले. "तू शिकलेली. तुला कळतं."

आठ दिवसांत मी एकोणीसही कोट मातकट केले. खालचा रंग उतरवण्याइतकाही धीर मला नव्हता. त्यांच्या करड्यावरच माझा रंग चढवला. प्रतिकृतींच्या प्रदर्शनात ऐतिहासिक अचूकतेचे पहिले बक्षीस मिळाले आणि नाव माझे पुकारले गेले. परीक्षक बाबांना म्हणाले, "मुलगी शिकलेली म्हणून वाचलात. नाहीतर शिंप्याच्या मनाला येईल तो रंग!" बाबा हसून "हो ना" म्हणाले. घरी आल्यावर सैनिकांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तुझेच हे." कायद्याने ते माझे झाले, ते असे.

त्यानंतर बाबांनी रंगाचा ब्रश हातात धरलेला नाही. विचारले की म्हणतात, "डोळे गेले गं आता." सुईत दोरा मात्र अजून पहिल्या झटक्यात ओवतात.

दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्याचे कागद शोधताना ट्रंकेच्या तळाशी शाळकरी पोराच्या मापाचा एक जाड कोट सापडला. निळसर करडा.

"हा कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा. लढाईतून ते आले नाहीत, कोट आला. आईनं उसवून मला शाळेसाठी बेतला. ती उसवायची, मी शेजारी बसून बघायचो. शिवण तिथंच शिकलो मी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, बाबा?"

त्यांनी कोटाची बाही उजेडात धरली. "जरा दोरा दे तो इकडे. बटण सैल झालंय याचं."

त्या संध्याकाळी मी पान एकशे बारा पुन्हा उघडले. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की, त्या हिवाळ्यात कापड अपुरे पडल्याने काही पलटणींना ब्लँकेटच्या करड्या कापडाचे कोट दिले गेले. मी चित्र पाहिले होते, तळटीप वाचली नव्हती. सुई ओवणारा तो एकजण म्हणजे आजोबा, हे मला तेव्हा समजले. निदान त्याचा तरी रंग परत मिळावा म्हणून मी त्याला स्पिरिटने पुसले. माझा मातकट निघाला, त्याच बोळ्यावर बाबांचा करडाही निघाला. खाली नुसते पांढरे प्लॅस्टिक राहिले.

हे एकोणीस सैनिक, कटर, चिमटे आणि सर्व ब्रश बाबांना.

४. गणवेशांचे पुस्तक परीक्षकांना. पान एकशे बारावर मी करडा दोरा ठेवला आहे. त्यांनी शिंप्याच्या मनाविषयी जे म्हटले, ते मी विसरलेले नाही. मी गप्प बसले होते, हेही विसरलेले नाही.

५. घड्याळजी काका साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही. त्यांना हे सांगितले तेव्हा म्हणाले, "बरं झालं. खोलीत जागा आहे कुठं?"

६. बक्षिसाचा चषक प्रदर्शन मंडळाकडे परत पाठवला आहे, सोबत माझी चूक सविस्तर लिहिलेले पत्र. उरलेल्या अठरांना मी स्वतः करडे करू शकले असते. छटा आता मला ठाऊक आहे. पण तो माझा करडा झाला असता. म्हणून आज सकाळी बाबा बाजारात गेल्यावर अठराही जण स्पिरिटमध्ये सोडले आणि जुन्या दातब्रशने घासून स्वच्छ केले. मागच्या वेळी बाबांना विचारले नव्हते, या वेळीही विचारलेले नाही. ही कदाचित माझी दुसरी चूक ठरेल. एकोणीस पांढरी माणसे शिलाई मशीनच्या पाटावर रांगेने उभी आहेत. शेजारी आजोबांचा कोट आणि बाबांचा धुतलेला ब्रश.

वरील मजकूर मी वाचून दाखवला, आणि दोघांसमक्ष सही केली.

सही: मुलगी, ताई, वाचनालयातली साहाय्यक
साक्षीदार: १. घड्याळजी काका २. शाळेपासूनची मैत्रीण, परिचारिका
ठिकाण: घरातली शिवणाची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार, सकाळी अकरा. बाबा अजून परतलेले नाहीत.