खाटेवरची व्रतं

गुदैबिया, बहारीन
१५ मे १९७७

येशू, मरिया, जोसेफ

चि. अ‍ॅग्नेस हिस थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

तू मठाची मदर प्रायोरेस असशील, पण तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, म्हणून 'मदर' लिहीत नाही. माझी अक्षरं कोंबडीने उकरल्यासारखी, सांभाळून घे.

माझ्या लान्सीच्या मेबलचं पत्र काल आलं. माझी नात, पण चारच ओळी. म्हणते, आजी, आनंदाची गोष्ट, मदरनी येत्या शनिवारी व्रतं घ्यायची परवानगी दिली, आठ महिने आधी. लान्सी हवेत आहे. मनामाच्या बाजारातून हलवा आणला, हॉटेलच्या भटारखान्यात सगळ्यांना वाटला. खालची खदिजा मुबारक म्हणून गेली. माझा तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला.

वर्ष भरल्याशिवाय तुम्ही शिकाऊ पोरींना व्रतं देत नाही. एकदाच दिली होती, कॅरोलिनला. मठात भेटायला आले तेव्हा जाळीआडून तूच सांगितलंस, मरायला टेकलेल्या पोरीला तशीच पाठवत नाहीत, खाटेवरच व्रतं देतात. तिसऱ्या दिवशी तिला पुरली. लान्सीला हे ठाऊक नाही. बायांच्या गप्पा तो कधी ऐकतो?

मेबलला काय झालंय? तो शनिवार होऊन आठ दिवस झाले. लान्सी अभिनंदनाची तार करत होता, मी नको म्हटलं. तारेला तारेनेच उत्तर आलं, तर उघडणार कोण? मला प्रवचन नको. खरं लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
ब्रिजीत

*

मठातून, वसई
२४ मे १९७७

ती. ब्रिजीतबाय हिस अ‍ॅग्नेसचा शि. सा. न. वि. वि.

बाय, तू ओळखलंस. मेबलला टायफॉईड आहे. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी बिशपांची परवानगी मागवली आणि सात तारखेला खाटेवरच तिची व्रतं घेतली. आजाराचं घरी कळवू नका, बाबा नोकरी सोडून धावत येईल, असं तीच म्हणाली. ते चार ओळींचं पत्र तिने दोन दिवसांत लिहिलं. मठातून जाणारं प्रत्येक पत्र मी वाचते. हेही वाचलं, आणि गप्प बसून पोस्टात टाकलं. मला क्षमा कर.

ताप उतरला होता, पण पाचव्या दिवशी उलटला. आता ती माणसं ओळखत नाही. सगळ्यांसमोर मी मदर आहे, रडता येत नाही. दूध संपलं की शेजारीण उसनं मागायला येते, तशी मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत डोकावते. चॅपेलमध्ये बाकीच्या माझ्याकडे बघतात.

लान्सीला सांगायचं की नाही, ते तू ठरव. बहिणीवर जीव असू दे.

अ‍ॅग्नेस

*

गुदैबिया
२ जून १९७७

अ‍ॅग्नेस,

मायना घालायला हात चालत नाही, तेवढं समजून घे.

लान्सीला सांगितलं. वाढलेलं ताट तसंच ठेवून तो जिन्यात जाऊन बसला. त्याचा पासपोर्ट हॉटेलच्या मालकाकडे, त्या अरबाकडे आहे. मागितला तर बुक्रा म्हणतो, म्हणजे उद्या. तो उद्या आज चौथ्यांदा झाला.

पत्रं हॉटेलच्या पेटीत येतात, लान्सीच घेऊन येतो. जिन्यात त्याचे बूट वाजले की मी संडासात शिरते आणि कडी लावते. हाक मारली तरी ओ देत नाही. साठ वर्षांची बाई मी, नवरा पुरला, दोन पोरं पुरली, कधी अशी लपले नाही. शुक्रवारी इथे चर्चात मिस्सा असते. फादरना म्हटलं, माझ्या नातीसाठी म्हणा. त्यांनी विचारलं, जिवंतांसाठी की मेलेल्यांसाठी? मी तशीच घरी आले.

काय असेल ते लिही, बाई.

ब्रिजीत

*

मठातून
१२ जून १९७७

ती. बाय हिस शि. सा. न.

ताप उतरून नऊ दिवस झाले. पेज खाते. काल भिंत धरून उभी राहिली.

एक मात्र झालं. मरणाच्या भीतीने दिलेली व्रतं माणूस जगला की रद्द होतात, तसा आमचा नियम आहे. राहिलेले दिवस तिला शिकाऊ म्हणूनच काढावे लागतील. हे सांगितलं तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून रडते, माझ्याशी बोलत नाही. मी केवढी दुष्ट बघ, सांगताना मला हसू फुटत होतं.

लान्सीला आशीर्वाद. तुझी माया अशीच राहो.

अ‍ॅग्नेस

*

गुदैबिया
२२ जून १९७७

चि. अ‍ॅग्नेस हिस अ. उ. आ.

पत्र लान्सीने दाराबाहेरून ओरडून वाचलं. 'रद्द' हा शब्द मी कडी न काढता तीनदा वाचायला लावला. मग बाहेर आले.

रडू दे तिला. रडायलाही छातीत दम लागतो. लान्सी तिला घरी आण म्हणत होता. मी म्हटलं, तिची हौस तिला फेडू दे, तू तुझा पासपोर्ट सोडव.

पण खोटं कशाला लिहू, भीती गेलेली नाही. तुझं पत्र दहा दिवसांचं शिळं आहे, आणि हा ताप उलटतो हे तूच लिहिलंस. शिकाऊ पोरींनी महिन्याला एकच पत्र लिहायचं, हा तुझा नियम मला ठाऊक आहे. तो बाजूला ठेव. तिच्या हातात पेन दे. काय लिहावं सुचत नसेल, तर आजीला चार शिव्या लिही म्हणावं. हस्ताक्षर तेवढं तिचं हवं.

तुमच्या दोघींची,
ब्रिजीत