कॅरेज मोकळं राहिलं

२६ नोव्हेंबर, मंगळ.
नाशिक. अंबडकडच्या त्या बंद शेडमध्ये तिसऱ्यांदा. लेथ सहा फुटी, जुनी. मालकाने वरून हिरवा रंग मारून ठेवलाय. मी रंग बघायला आलो नव्हतो. बेडवर हेडस्टॉकच्या, म्हणजे फिरत्या टोकाच्या, पुढे फूटभर झीज, नख अडकतं. पुढचा बेड चांगला. स्पिंडलला डायल गेज लावलं, डगमग तीन शतांश मि.मी. या वयाला ठीक. बॅक गिअरचा आवाज आहे, पण तो दातांचा नाही, बुशचा. बुश मी बनवीन.
मालक म्हणाला, "डिप्लोमा कुठून केलात?" म्हटलं, नववी नापास, जव्हार. तो हसला. मी हसलो नाही. घेतली.

२८ नोव्हें., गुरु.
जव्हार. दुकानातला मशीनसाठीचा चौथरा आज बावीस दिवसांचा. दिवसातून दोनदा पाणी मीच मारलं, कुणावर सोडलं नाही. बोल्टांची चार भोकं परत मोजली. एक चार मि.मी. सरकलंय. चालेल. चालेल लिहिलं, पण आवडलं नाही.
सोमा दाभोशाहून जीपने आला. बायकोचा धाकटा भाऊ. भात कापून झालं, झोडणी राहिलीय. मशीन लागली की तो कायमचा दुकानात. म्हणजे यंदा वीटभट्टी नाही. त्याच्या बायकोने, यमुनेने, म्हणे पाड्यावर सगळ्यांना सांगूनही टाकलं, आम्ही यंदा जात नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.
"दाजी, मला मशीनचं काय कळतंय? मी कुपावर, जंगलतोडीत, लाकडं वढणारा."
म्हटलं, मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

२ डिसेंबर, सोम.
नाशिकहून निघालो. तिथे क्रेन होती, ट्रकवर चढवायला त्रास नाही. कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा सरकता गाडा, मागच्या टेलस्टॉकच्या टोकाला नेलं, लॉकचा बोल्ट आवळला. बेडला तेल, वर गोणपाट. चार बाजूंनी लाकडी ठोकळे. ट्रकवाल्याला म्हटलं तोरंगणचा घाट पहिल्या गिअरमध्ये. म्हणाला, "उस्ताद, बीस साल से चला रहा हूँ." तरी मी कॅबिनमधून मागे बघतच होतो. सोमा मागे मशीनपाशी बसून आला. मोखाड्याला चहा. त्याच्या केसांत सगळी धूळ, आणि खूश.
दुकानासमोर ट्रक लावला. उद्या उतरवायची.

३ डिसें., मंगळ.
सकाळी नऊ. सोमाने दाभोशाहून आठ माणसं आणली, सगळी कुपावर काम केलेली. ट्रकपासून चौथऱ्यापर्यंत दोन लोखंडी चॅनेल उतरते टाकले. खाली पाइपांचे रूळ, टेलस्टॉक उताराकडे, वरून चेन ब्लॉकच्या साखळीने मशीन धरलेली. लोक जमले. शिरपामाळ बघून परतणारी पर्यटकांची एक गाडीसुद्धा थांबली. गॅरेजवाला किसन म्हणाला, मिस्त्रीने भंगारवाल्याचं घर भरलं.
मी ट्रकवर चढलो. गोणपाट काढलं, कॅरेज सोडलं, एका बोटाने चाक फिरवून पार हेडस्टॉकपर्यंत नेऊन दाखवलं. किसन पुढे येऊन वाकून बघायला लागला.
दहाच्या सुमाराला अर्ध्या उतारावर मशीन डाव्या चॅनेलवरून सुटली. सोमा त्या अंगाला पहार घेऊन उभा. त्याचं उजवं पाऊल खाली सापडलं.
पाच माणसांनी मशीन उचलली. आधी इथला सरकारी दवाखाना, मग नाशिक. मी सोबत. रुग्णवाहिकेत तो म्हणाला, "मशीनला काय झालं?"

४ डिसें., बुध.
नाशिक. ऑपरेशन झालं. तीन बोटं काढली. अंगठा आणि त्याच्या बाजूचं ठेवलं. टाच शाबूत. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल. नांगरामागे चिखलात उभा राहील का विचारलं. त्यांनी कागदाकडे बघितलं.
यमुना आली. सोबत त्यांची पोरगी. यमुनेच्या हातात भाकरीचं फडकं तसंच, दिवसभर सोडलं नाही.
मी जेवलो. दोन वेळा. चव कळली नाही, पण जेवलो.

५ डिसें., गुरु.
परत जव्हारला. मशीन तशीच, अर्धी चॅनेलवर, अर्धी दगडांवर टेकवलेली. कुणी हात लावला नाही.
कॅरेज टेलस्टॉकला जाऊन आदळलेलं. टेलस्टॉकच्या बुडाला ताजी खोक. लॉकचा बोल्ट हाताने फिरला.
मी आवळला नव्हता.
हेडस्टॉकपर्यंत नेऊन दाखवलं, आणि तसाच खाली उतरलो. उतारावर तेल लावलेल्या बेडवरून ते सगळं वजन खाली घसरलं, धक्का बसला, रूळ तिरका झाला. एवढंच. पाच सेकंदांचं काम होतं, पाना खिशात होता.
ओंडका असता तर पहारीवाल्याने उताराच्या अंगालाच उभं राहायचं. कुपावर तसंच करतात, ओंडका लोळायला लागला की पहार खाली घालतात. ओंडक्यावर काही सरकत नाही. सोमा त्याच्या हिशोबाने बरोबर उभा होता. तिथे उभा राहू नको, हेही सांगायचं काम माझंच.
बोल्ट आवळला. मग परत सैल केला, जसा होता तसा. का ते माहीत नाही.

६ डिसें., शुक्र.
तीच आठ माणसं बोलावली. कुणी नाही म्हटलं नाही. या खेपेला उताराच्या अंगाला कुणालाच उभं केलं नाही. कॅरेज लॉक, वर दोर. एका तासात चौथऱ्यावर. कुणी हाळी दिली नाही, नुसतं चेन ब्लॉकचं कटकट.
त्यांच्यातला म्हातारा रावजी जाताना म्हणाला, "मिस्त्री, नव्या गिरणीला कोंबडा देतात. तुम्ही नाय दिला. तिनं आपलं घेतलं."
मागच्या वर्षी साखरशेतच्या गिरणीला मीच शाफ्ट बसवला तेव्हा तिथे कोंबडा दिला होता. मी खाल्लाही होता.

८ डिसें., रवि.
ही म्हणाली, बाजारात बायका बोलतायत, सोमाने सकाळीच घेतली होती. घेतलेल्या माणसाला पहार कशाला दिली म्हणतात.
सोमाने दारू दोन वर्षांपूर्वी सोडली. सगळ्या पाड्याला माहीत आहे.
"तुम्ही तिथंच व्हता. घेतली व्हती का?"
"मला वास आला नाही."
असं म्हणालो. नाही असं नाही म्हणालो. वास आला नाही.
हिने भाजी चिरायला घेतली.

११ डिसें., बुध.
लेव्हल. आडवं बरोबर, उभ्यात टेलस्टॉककडे पाणसळीचं अर्धं घर कमी. पितळी पत्रा घातला. परत मोजलं. काढला. पातळ घातला. बोल्ट एक आवळला की दुसरीकडे हलतं. सकाळपासून दुपारपर्यंत. शेवटी चारही कोपऱ्यांत बुडबुडा मध्ये.
एरवी अशा वेळी कुणाला तरी बोलावून दाखवतो. आज दाखवलं नाही.

१३ डिसें., शुक्र.
नाशिक. सोमाला खाटेवर बसवलेलं, पायाला पांढरी पट्टी. शेजारच्या खाटेवरच्याशी पत्ते खेळत होता.
"दाजी, लागली का मशीन?"
"लेव्हल झाली."
"मीच येड्यासारखा तठं उभा राहिलो. तुमची मशीन पडली असती माझ्यापायी."
पत्ते पिसत बोलला. माझ्याकडे बघत नव्हता.
तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. शेजारचा माणूस म्हणाला, तुम्ही खेळणार का? मी बसलो. दोन डाव खेळलो. एक जिंकलो.

१६ डिसें., सोम.
वायरमन येऊन थ्री फेज जोडून गेला. अर्थिंग मी स्वतः तपासलं. तांब्याची पट्टी खड्ड्यात पाच फूट, मीठ कोळसा घालून. लाल बटण डाव्या हाताशी लावलं, उजवा हात अडकला तरी डावा पोचेल असं. काम पकडून फिरणाऱ्या चकवर गार्ड नव्हता, पत्र्याचा केला, बिजागरीवर. उघडला की मोटर बंद.
गार्ड फार चांगला झालाय. सगळ्या कडा मोडून घेतल्या, कुठेही हात कापणार नाही. हे लिहिताना दोनदा थांबलो.

१७ डिसें., मंगळ.
सुरू केली. रिकामी, अर्धा तास. मग एक इंची रॉड, दोन टोकांना दोन कट. मायक्रोमीटर. फरक दीड शतांश. नाशिकच्या शेडमध्ये असाच कट घेतला तेव्हा पाचाच्या वर होता.
किसन आला, दारातूनच बघून गेला. ही कुंकू घेऊन आली. म्हणाली, नारळ फोडू का? म्हटलं बेडवर नको, पाण्याने गंज चढतो. तिने दारात फोडला. खोबरं मी खाल्लं नाही.
जव्हार-मोखाड्यात अशी बसवलेली मशीन दुसरी नाही. खरं आहे म्हणून लिहितो. वाचताना दुसऱ्याचं वाटतं.

२१ डिसें., शनि.
सोमा घरी. दाभोसा. कुबड्या.
पहिलं गिऱ्हाईक आलं, गिरणीचा शाफ्ट. केला. चांगला झाला.
पाड्यावरून भट्टीला जाणारी जीप आज सुटली म्हणे. यमुना यंदा एकटीच जाते का विचारायला भट्टीचा मुकादम दोनदा येऊन गेला. तिने अजून हो म्हटलेलं नाही.

२४ डिसें., मंगळ.
यमुना दुकानात आली. एकटी, जीपने. मशीन चालू होती, मी बंद केली. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. मशीनकडे बघितलंही नाही.
"दाजी, एक विचारते. त्यानं घेतली व्हती का?"
"कोण म्हणतं?"
"सगळी म्हणतात. त्याला विचारलं तर हसतो. म्हणतो, असं समज. त्या दिवसापासून मी त्याच्याशी नीट बोलले नाय. पोरगीला पण त्याच्यापाशी झोपू देत नाय."
"मला वास नाही आला."
"वासाचं नाय विचारलं."
मी गार्ड उघडला, बंद केला. म्हटलं, संध्याकाळची जीप चुकेल. ती गेली.
हिला हे सांगितलं नाही.

२६ डिसें., गुरु.
असं समज, म्हणाला म्हणे.
म्हणजे त्याने आपल्या अंगावर घेतलं. माझ्याऐवजी. का घेतलं? त्याला बोल्टाचं माहीत आहे? कॅरेज म्हणजे काय हेही त्याला त्या दिवशी माहीत नव्हतं.
हातातलं काम बिघडलं आज. अर्धा मि.मी. जास्त कापलं. वीस वर्षांत असं झालं नाही. तुकडा भंगारात.

२९ डिसें., रवि.
दाभोसा. सकाळच्या जीपने आलो. सोमाच्या ओट्यावर बसून लिहितोय, हातांना काहीतरी पाहिजे.
सोमा कुबडी बाजूला ठेवून नाचणीची कणसं हाताने चोळत बसला होता. पोरगी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. यमुना पाणी आणायला नदीवर गेलेली.
सगळं सांगितलं. ट्रकवर चढलो इथपासून. किसनला दाखवायला कॅरेज सोडलं, बोल्ट आवळला नाही, म्हणून घसरलं, म्हणून सुटली. तू जिथे उभा होतास तिथे उभा राहू नको हे मी सांगायचं होतं.
तो कणसं चोळत राहिला.
"माहीत हाय दाजी."
"कसं?"
"मी खाली व्हतो ना. ते वरून सरकत येताना मीच पाह्यलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नाय."
"मग बोलला का नाहीस?"
"तुम्ही बोलाल वाटलं. पहिल्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशी." नाचणीतला भुसा फुंकला. "मग वाटलं, मिस्त्रीचं नाव गेलं तर दुकानाला कोण येणार? मी पण तठंच कामाला जाणार व्हतो ना."
"आणि दारूचं?"
"ते पण तुम्हीच खोटं पाडाल वाटलं व्हतं."
मी म्हटलं, चुकलो. कसं म्हणालो ते आठवत नाही, पण म्हणालो. त्याने मान हलवली, हो अशी नाही, नाही अशी पण नाही.
"मला नका सांगू. मला माहीतच हाय. तिला सांगा. आणि पाड्यावर पण, त्या आठ जणांसमोर. रावजीला तर पहिलं."
"दुकानात येशील ना?"
"ते तिला विचारा. मुकादम उद्या परत येतोय."
कणसं चोळतोय. पाऊल पुढे पसरलेलं, पट्टी मळलीय.
यमुना चढावर दिसतेय. डोक्यावर दोन हंडे. हात सोडून चालते. मी इथे आहे हे तिने पाहिलंय, कारण मघाशी थांबली होती, आता परत चालायला लागली. कुंपणाला पोचायला अजून शंभरएक पावलं. मी उठून हंडा उतरवून घ्यायला जावं की इथेच बसून तिला सांगावं? वही ठेवतो.