मीठ मागण्याचा आवाज

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. (लेखी आहे, त्यामुळे कोणाला त्रास होणार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या खेपेला नीट कळलंच नाही, आणि त्यावरून आई-बाबांचा वाद अजून चालू आहे. काकांच्या कानातलं यंत्र बसलं का नीट? ते तुमच्या लग्नानंतर किती वर्षांनी लागलं याचा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही हे आता माझ्या नोकरीतच बसतं, म्हणून गप्प राहते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हातात फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटत असेल. त्याला कारण आहे आणि ते शेवटी येईल. आधी आनंदाची बातमी. आत्या, आपण जिंकलो! शहराच्या ध्वनी नियंत्रण नियमावलीतलं 'व्याख्या' हे पहिलं प्रकरण मंजूर झालं, ते तुझ्या भाचीने लिहिलंय, आणि बाबांचं पत्र्याचं दुकान आहे तिथेच राहिलंय. आता हे किती थोडक्यात वाचलं ते सावकाश सांगते. खुर्चीत बस, पाय वर घे.

माझी पदवी बाबांनी स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या चौकटीत बसवलीय हे तू पाहिलंच आहेस. (उद्या भिंत पडली तरी माझं शिक्षण शाबूत राहील, इतकी ती भक्कम आहे.) त्या पदवीवर मला पालिकेत नोकरी लागली आणि मुलाखतीत मी सांगून टाकलं, की ज्याला दंड होणार त्याला नियम वाचून कळला पाहिजे, नाहीतर तो नियम नव्हे, सापळा आहे. समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले आणि त्यांनी मला व्याख्यांच्या कामावर बसवलं. व्याख्या कोणालाच लिहायच्या नसतात गं. नियम लिहायला सगळे पुढे, दंड ठरवायला तर रांग लागते, पण 'आवाज म्हणजे काय' हे लिहायला बसलं की सगळ्यांना अचानक चहा आठवतो. मला मात्र अक्षरशः भरून आलं. ज्या घरात अभ्यास करताना कानात कापूस घालून वर उशी बांधावी लागली, त्या घरातली मुलगी शहराला आवाजाची व्याख्या देणार!

पण आमच्याकडे एक हेडक्लार्क आहेत. त्यांना सगळं ऑफिस कार्बनकाका म्हणतं, कारण जगातली कुठलीही गोष्ट पहिल्यांदा लिहिण्यावर त्यांचा विश्वास नाही. ती कोणीतरी आधी लिहिलेलीच असते, आपण फक्त शोधायची. त्यांनी कुठल्याशा बंदराच्या शहराची नियमावली मिळवली, वरचं नाव बदललं आणि मसुदा तयार झाला म्हणून जाहीर केलं. त्यात जहाजाच्या भोंग्याची व्याख्या होती. आपल्या शहरात टाकीतल्या पाण्यापलीकडे पाणी नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "असू दे की. उद्या समुद्र आला तर?" इथपर्यंत मी हसले. मग पुढची व्याख्या वाचली आणि हसू गेलं. धातूवर धातू आपटून होणारा कोणताही आवाज म्हणजे औद्योगिक आवाज, आणि तो राहत्या वस्तीत बंद. (त्या हिशेबाने पातेल्यावर डाव आपटणारी प्रत्येक बाई कारखानदार होते.) त्या शहरात कारखान्यांची वस्ती वेगळी आहे, त्यांचं भागतं. आपलं दुकान स्वयंपाकघराच्या मागे. बाबा बादल्या, ट्रंका आणि नरसाळी तिथे न ठोकता कुठे ठोकणार? त्यांना दुसरी जागा परवडत नाही आणि दुसरं काम येत नाही.

मी सरळ मसुदा तपासणाऱ्या उपसमितीपुढे उभी राहिले. आधीच सांगितलं, की माझे वडील पत्र्याचं काम करतात, तेव्हा मी जे बोलेन ते तपासून घ्या. मग माझी व्याख्या वाचली: त्रासदायक आवाज म्हणजे असा आवाज, की जो चालू असताना शेजारच्या घरात, दारं-खिडक्या लावूनही, दोन माणसांना सामान्य आवाजात बोलता येत नाही. कशावर काय आपटलं हे महत्त्वाचं नाही, शेजाऱ्याचं काय झालं हे महत्त्वाचं. अध्यक्षबाईंनी (निवृत्त न्यायाधीश आहेत, चष्म्यावरून बघतात) मान डोलावली. तेवढ्यात समितीतल्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "सामान्य आवाज म्हणजे किती?" मी म्हटलं, मोजून आणते. इथेच घात झाला.

ऑफिसातलं आवाज मोजायचं यंत्र मी घरी आणलं. शास्त्रीय पद्धतीने, कोणाला न सांगता, जेवताना पाण्याच्या तांब्यामागे ठेवलं. माणसं सगळ्यात सामान्य कधी बोलतात? जेवताना. मी प्रामाणिकपणे आकडे टिपले, नीटनेटका तक्ता केला आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाटला. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"हे कुठे मोजलंत? विमानतळावर?"

"घरी, सर."

"भांडण चालू होतं का?"

"नाही सर. धाकटा मीठ मागत होता."

आत्या, मी तुला खरं सांगते, मला जन्मात कधी वाटलं नव्हतं की आपण मोठ्याने बोलतो. बाबा आयुष्यभर हातोड्याच्या वरून बोलले, आई बाबांच्या वरून, आम्ही आईच्या वरून. आणि तुझी तर गोष्टच वेगळी, तू माहेर सोडलंस तरी हाक मागे ठेवून गेलीस. मी ऑफिसात बोलायला लागले की पलीकडच्या टेबलावरची माणसं थांबून माझ्याकडे बघतात. ती माझ्या विचारांनी भारावून जातात, असं मी धरून चालले होते! डॉक्टरांनी हिशेब करून दाखवला, की माझा आकडा धरला तर शहरातल्या सगळ्या गिरण्या, ट्रक आणि बँडवाले मिळून कुजबुज करतात असं मानावं लागेल. कार्बनकाकांना इतका आनंद झाला की त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढून मला दिलं, नोट लिहायला: व्याख्या रद्द, बंदराचा मसुदा कायम. माझ्या डोळ्यांपुढे दुकानाला कायमची लावलेली फळकुटं आली. मी म्हणाले (सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असणार, आता कळतंय), की आकडा चुकला असेल पण व्याख्या चुकलेली नाही, आणि हे मी म्हणते म्हणून मानू नका, चला आणि बघा.

आणि आले की गं सगळे! मी घरी बजावून ठेवलं होतं, की हळू बोला. त्याचा परिणाम असा झाला की कोणाला कोणाचं काही कळेना. आईने विचारलं साखर किती, बाबांनी हातोडा आणून दिला. शेवटी अध्यक्षबाई शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन बसल्या, दारं-खिडक्या लावल्या, मध्ये यंत्र ठेवलं. डॉक्टर आणि मी कोपऱ्यात. इकडे बाबांनी ट्रंक ठोकायला घेतली. अध्यक्षबाईंनी काकूंना विचारलं, कुंडीतलं झाड कुठलं? काकूंनी सांगितलं. मग ते कलम कुठून आणलं, पाणी किती घालायचं, पानं पिवळी का पडतात... दोघी निवांत बोलत राहिल्या. भिंतीपलीकडून नुसतं टुकटुक ऐकू येत होतं, लाकडात किडा असावा तसं.

मला आधी उमगेना. मग आठवलं. माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आधी बाबांनी दुकानाच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि ऐरणीखाली टायरचे तुकडे घातले होते. तूच तेव्हा चिडवलं होतंस, "दादा, आता काय दुकानाला अंगाई म्हणणार का?" परीक्षा झाली, निकाल लागला, मी नोकरीलाही लागले, पण त्या गाद्या बाबांनी काढल्याच नाहीत. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. (इथे शाई थोडी पसरलीय, तिकडे लक्ष देऊ नकोस.)

तेवढ्यात हातोडा थांबला. ट्रंक झाली असावी. आणि बाबांनी, ते आपलं नेहमीचं, आईला चहा टाकायला सांगितलं. यंत्राचा काटा असा उडाला की अध्यक्षबाईंनी काकूंचा हात धरला. बोलणं बंद, झाडाचा विषय बंद. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची व्याख्या चालते हो! अगदी बरोबर पकडलं." अध्यक्षबाई उठल्या. "व्याख्या ठेवा," त्या म्हणाल्या, "आकडा मात्र या घरचा घ्या, त्या घरचा नको." आणि तसंच झालं. काकू आणि अध्यक्षबाई कुंडीतल्या झाडाबद्दल ज्या आवाजात बोलल्या, तोच आता या शहराचा सामान्य आवाज आहे, कलमासकट. मतदान झालं तेव्हा कार्बनकाकांनीही हात वर केला. ठराव आता दुसऱ्या शहरांना पाठवता येईल, त्यांना नक्कल करायला सोपं पडेल, असं त्यांचं म्हणणं आहे. संध्याकाळी बाबांनी माझ्या पदवीशेजारी भिंतीत अजून एक खिळा मारला. त्यावर मंजुरीचा कागद येणार आहे. चौकट तयार आहे.

काकांना नमस्कार. (यंत्र लावलेलं असेल तर सांग, नसेल तर खुणेने.)

तुझी,
व्याख्यावाली

ता. क. आता कारण. नियम लागू झाले आणि पहिली तक्रार आली ती आपल्याच घराविरुद्ध, शेजारच्या काकूंची. हातोड्याबद्दल अवाक्षर नाही. या घरातले गृहस्थ रोज संध्याकाळी परगावच्या बहिणीशी फोनवर बोलतात आणि दारं लावली तरी दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकू येतं, अशी आहे. दोन्ही, आत्या. घरचं प्रकरण म्हणून मी त्यातून बाजूला झाले, तर ते कार्बनकाकांकडे गेलं आणि ते ताजेतवाने झालेत. माझ्याच व्याख्येत आपण चपखल बसतो, त्यामुळे बचाव नाही. तेव्हा विनंती अशी, की आता बाबांना फोन करू नकोस, पत्र लिही. लांब लिही. ते संध्याकाळ झाली की फोनजवळ बसून तो पुसत राहतात आणि धूळ फार झालीय म्हणतात.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी बाबांनी हे पत्र आईला वाचून दाखवलं. वाचून होताच भिंतीपलीकडून काकूंनी सांगितलं, की ते झाड कलमाचं नव्हतं, बियांचं होतं. आता वर खोडत बसत नाही. आणि म्हणाल्या, तक्रार तक्रारीच्या जागी, पण आत्यांचं उत्तर आलं की बाबांना ते मोठ्यानेच वाचायला सांग. गुडघा चढताना दुखतो की उतरताना, हे त्यांनाही कळायचं राहिलंय.