तू अक्काच आहेस, हे मला मान्य

वैशाखरे,
मंगळवार

आदरणीय अक्का,

सप्रेम जयभीम. गुडघे कसे आहेत? आटगाव स्टेशनचा जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगूनही तू चढतेस, असं कानावर आलं आहे. इकडे भात पोटरीला आलं आहे आणि तुझी भावजय संघरत्ना धडधाकट आहे. (आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही, त्यामुळे तिच्या घशाला चांगला आराम मिळाला आहे.)

हातानं लिहिलेलं पत्र बघून कोण गेलं म्हणून घाबरू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. तू माझा फोन घेत नाहीस, आणि परवा घेतलास तो "कोण नरू? मला भाऊच नाय" एवढं बोलून ठेवलास, म्हणून कागद घेतला. एकदा माझी बाजू वाच, मग फाड.

त्याचं असं झालं. मुरबाडला पोलिसांनी आम्हा पेन्शनरांना बोलावून फोनवरच्या फसवणुकीची माहिती दिली. चोर आता घरच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतात, तेव्हा अनोळखी नंबरवरून आपलं माणूस बोललं तर घरातलंच काहीतरी विचारून खात्री करा, असं साहेब म्हणाले. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला हे सांगावं लागतं होय? पासावरचा फोटो आणि समोरचं तोंड जुळल्याशिवाय मी कुणाला सीटवर टेकू दिलं नाही. घरी आल्याबरोबर कॅलेंडरच्या पाठीवर प्रश्न लिहून ठेवले.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. नंबर बघतो तर परदेशातला वाटावा असा लांबलचक. (तुझ्या नातीनं, नम्रतानं, तुझ्या मोबाइलवर इंटरनेटवरून बोलायचं ॲप घातलं, हे मला कुठं ठाऊक?) आवाज तुझाच. "नरू रे, जेवलास का?" झालं, माझा संशय पक्का झाला. साहेब म्हणाले होते, चोर गोड बोलतात. आणि तू मला जेवलास का विचारून किती वर्षं झाली, तूच सांग.

मी पहिला प्रश्न टाकला, माझी जन्मतारीख काय? तू म्हणालीस, "लावणीचे दिस होते, बुधवार होता." कागदोपत्री एक जून आहे, अक्का! गुरुजींनी लिहिलेली! चूक. दुसरा प्रश्न, माझा पुढचा दात कसा पडला? तू म्हणालीस, "जांभळीवरून पडलास." तिथं तर मी तुला चोर ठरवूनच टाकलं, कारण मला तू ढकललं होतंस, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तसं बोलल्यावर तू ओरडलीस, "मी ढकलला? ये तू आटगावला, उरलेले पण पाडते!" मी फोन ठेवला आणि स्क्रीनवर तक्रारीचं लाल बटण आलं ते दाबलं. दाबून चहा प्यायलो. काय तो अभिमान!

चार दिवसांनी नम्रतानं संघरत्नाला फोन केला. आजीचं ॲप बंद झालंय, कुणीतरी तक्रार केलीय, हॉस्टेलवरून मला आजीशी बोलता येत नाही, असं म्हणून पोर रडत होती. आणि म्हणाली, "आजीनं ॲपवरून पहिला फोन मामाआजोबांनाच लावला होता." अक्का, मी भरल्या ताटावरून उठलो. संघरत्ना तेव्हापासून बोलत नाही.

तक्रार मागे घ्यायची तर आधी तक्रार करणारा मीच, हे ॲपच्या कंपनीला पटवायचं होतं. तेही व्हिडिओवर. घरात रेंज नाही, म्हणून रस्त्यावरच्या एसटी थांब्यावर उभा राहिलो. स्क्रीनवर गळ्यात ओळखपत्र घातलेली कंपनीची एक मुलगी दिसली. म्हणाली, डोळे मिटा, उघडा, डावीकडे बघा. आधारवर मला मिशा आहेत, आता नाहीत. तिला मी पटेना. माळशेजच्या गाडीची वाट बघणारे सगळे गोळा झाले. मी त्यातल्या काळूला पुढं ओढलं, म्हटलं, ह्यांना सांग मी कोण ते. काळूनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ह्या माणसाला मी ओळखत नाय." (वीस वर्षांपूर्वी पास संपला म्हणून मी त्याला टोकावड्याला गाडीतून उतरवलं होतं. पाऊस होता. उतरवायला नको होतं.) सगळा थांबा हसला, मग तोही हसला आणि म्हणाला, "नरेंद्र कंडक्टरच हाय तो, बाई. दुसरा कोण एवढा त्रास देणार?"

त्या मुलीनं शेवटी विचारलं, "आणि त्या तुमच्या बहीणच आहेत, हे कशावरून?" मी सांगितलं, दात पाडायची धमकी दिली तिनं, चोर असती तर गोड बोलून ओटीपी मागितला असता. ती खूप हसली. संध्याकाळी तुझं ॲप सुरू झालं.

तर अक्का, माझं चुकलं. आवाज ऐकताच ओळखायला हवं होतं. दाताचं म्हणशील तर, मी आधीच थोडा घसरत होतो, एवढं लिहून देतो. नम्रताला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
नरू

ता. क. येत्या सोमवारी शहापूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. किरकोळ आहे. संघरत्ना येणारच, पण तिला सुई बघून चक्कर येते, मग डॉक्टरांनी कुणाकडे बघायचं? तू रविवारीच आलीस तर बरं.

ता. क. २. मला भीती वाटते हे तिला सांगू नकोस. तिला वाटतं, मी पित्तानं जागा राहतो.