अठ्ठावन्नच्या वर नाही

१७ नोव्हेंबर
आर्विदने आज पिंजरा आणून थेट जेवणाच्या टेबलावर ठेवला! आत मुठीएवढा काटेरी गोळा. हेजहॉग. मी म्हटलं, "हे काय?" "सिनेटर," तो म्हणाला. "कुणी जवळ आलं की फुसफुसतो, आणि दिवसभर झोपतो. दुसरं नाव सुचेना."

माझ्या या भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मग मुलीकडे ॲरिझोनात, परतायला मार्च. तोवर हे लोढणं माझ्या गळ्यात. कधीपासून पाळतोस, विचारलं. "झाले थोडे दिवस."

सोबत चिनी मातीचा एक दिवा. उजेड देत नाही, नुसती ऊब देतो. "त्याला पंचाहत्तर फॅरनहाइट लागतात, हिल्मे. दिवा बंद करायचा नाही. तूही आपली त्याच्याजवळच वाचत बस." निघताना माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आईला पुरलं तेव्हासुद्धा ज्याने माझा हात धरला नाही, तो! ऑपरेशनला घाबरलाय बिचारा.

१९ नोव्हेंबर
दिवा अहोरात्र जळतो. मला टोचतं. ऑक्टोबरात वाचनालयाच्या सभेत मी काय म्हणाले होते? "सरोवराच्या काठाने ही गॅसची पाइपलाइन आणायची असेल तर आणा. पण या हिवाळ्यात माझ्या घरातल्या गॅसभट्टीचा काटा अठ्ठावन्न फॅरनहाइटच्या वर जाणार नाही. या आणि पाहा!" लोक उभे राहिले होते. टाळ्या थांबेनात. शब्द दिला तो दिला.

आणि इथे एका उंदराएवढ्या जिवासाठी वीज जाळतेय.

२ डिसेंबर
सरोवरावरून वारा. सिनेटर पहाटे चाकावर पळतो — घरघर, घरघर. वाटीतले मांजराचे दाणे फस्त करतो. मी पुस्तक वाचते, तो माझ्याकडे पाहून फुसफुसतो. असा श्रोता मला आवडतो. खोटी टाळी नाही!

१३ डिसेंबर
आज शाळेतल्या सभेत वाक्याच्या मध्यात शब्द हरवला. साधा शब्द — "वारसा". तोंड उघडं, आणि पुढे पोकळी. कुणीतरी खोकलं. मी पाणी प्यायले, वाक्य तोडलं, पुढे गेले. लोकांना वाटलं गहिवरले.

गहिवर नव्हता. हे तिसऱ्यांदा होतंय. मावशीचंही असंच सुरू झालं होतं, शेवटी ती आम्हाला ओळखेनाशी झाली. कुणाला सांगणार नाही. इथे लिहिलं, बस.

२० डिसेंबर
दिवा काढला. विचार करून काढला. आमच्या डुलुथमध्ये बर्फाखाली कोण जागं असतं? अस्वल झोपतं, जमिनीतल्या खारी झोपतात, अंगणातला जाडा ग्राउंडहॉग ऑक्टोबरातच बिळात गेला. त्यांना कोण दिवे लावतं? निसर्गाला माणसाने वीज पुरवायची, हा आपला उर्मटपणा. त्याला जुन्या पांघरुणाचे तुकडे दिलेत भरपूर.

२४ डिसेंबर
सिनेटर झोपला. चाक थांबलं. मी म्हणतच होते!
मलाही झोप फार. खुर्चीत बसल्या बसल्या लागते.

२७ डिसेंबर
सकाळी वाटी तशीच भरलेली. त्याला उचललं. गोळा घट्ट नाही, सैल. उठून दोन पावलं टाकली ती दारुड्यासारखी, आणि कलंडला. फुसफुसलासुद्धा नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. माझी अस्वलाची मांडणी ऐकवली. मग अशी कडाडली ती! "बाई, ते अस्वल नाही! त्याचं गोत आफ्रिकेतलं. अस्वल चरबी साठवून झोपतं. हा नुसता गारठतो, आणि असा झोपला की बहुतेक वेळा उठत नाही. पोट गार लागतंय?" लागत होतं. "मग आत्ता, या क्षणी, कपड्यांच्या आत अंगाशी धरा. गरम पाण्यात घालू नका, शेगडीजवळ नेऊ नका. माणसाच्या उबेने, हळूहळू. मग इकडे आणा."

स्वेटरच्या आत, पोटाशी धरून बसले. काटे टोचत होते ते बरंच वाटलं. आर्विदला काय तोंड दाखवू? चाळीस वर्षं व्यासपीठावरून मुक्या जिवांची बाजू मांडली, आणि घरातला एक मुका जीव तत्त्वापायी मारतेय! वाट पाहिली. खूप वाट पाहिली. तो तसाच — नदीतून काढलेल्या गोट्यासारखा.

तेवढ्यात शेजारची डोरीन रानतांदळाचं सूप घेऊन आली. कोट न काढताच ओरडली, "अगं काय हे! घर आहे की मासळीचं बर्फघर?" मी सांगितलं. तिने पातेलं ठेवलं, सिनेटरला माझ्याकडून ओढून घेतलं आणि स्वतःच्या ब्लाउजमध्ये सारलं. "ये रे बाळा. माझ्याकडे चरबीही आहे आणि भट्टीही!" माझ्या खुर्चीत बसून सूप कसं केलं ते सांगत राहिली. कांदा जास्त पडला म्हणे.

मध्येच थांबली. "हलतोय." मग, "आई गं! चावला मेला!"

मी रडले. डोरीनसमोर! ती हसत होती, आणि हसता हसता तिने माझ्या स्वेटरखाली हात घातला, जिथे तो मघाशी होता तिथे. हसणं गेलं.

"हिल्मे, तो गरम होत नव्हता ते उगाच नाही. तूच गार पडलीयस."

मी म्हटलं, मी नेहमीच अशी. "माहीत आहे," ती म्हणाली. "नेहमीच अशी पुटपुटतेस, नेहमीच अशी पेंगतेस. कधीपासून नेहमी, ते सांग की!" माझ्याच औषधाच्या डब्यातला थर्मामीटर तोंडात कोंबला. पंच्याण्णवला पोचता पोचेना. डोरीन उठली. भिंतीपाशी गेली आणि काटा अडुसष्टवर नेला. भट्टी धडधडत पेटली. मी शब्द दिलाय, असं म्हणायला तोंड उघडलं. शब्द सापडले नाहीत.

२९ डिसेंबर
दिवा परत लावला. पांघरुणाचे तुकडे काढले — डॉक्टरीण म्हणाली, सुटे धागे त्याच्या पायाच्या बोटांना आवळतात, मऊ फ्लीसचं कापड घाला. सिनेटर खातोय.
मी दोन वाट्या सूप प्यायले.

१० जानेवारी
बाहेर उणे वीस. आत मी बिनमोज्यांची बसलेय! डोरीनने मला तिच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने तपासलं, प्रश्न विचारले, उलटे आकडे म्हणवून घेतले. "मेंदू ठीक आहे. थिजला होता," म्हणाला. "या वयात घर इतकं गार ठेवलं की माणूस असाच मंदावतो. आणि त्याला स्वतःला कळत नाही, तीच तर गंमत."

काही गंमत वाटली नाही.

४ फेब्रुवारी
पाइपलाइनची मोठी सभा. आधी वाटलं होतं, काट्याबद्दल गप्प बसावं. कोण घरी येऊन पाहणार आहे? पण लपवून मला बोलता येत नाही. उभी राहिले आणि पहिल्यांदा तेच सांगितलं. मागून एकजण ओरडला, "म्हणजे शब्द मोडलात, बाई!" होय, म्हटलं, मोडला. "एक म्हातारी कुडकुडली म्हणून कंपनीचा एकही पाइप थांबला नाही. ती गप्प झाली असती, तर मात्र कंपनीला बरंच झालं असतं. मला गारठवून त्यांना जिंकू देऊ नका. ऊब घ्या आणि लढा!"

टाळ्या कमी पडल्या. दोघंतिघं उठून गेले. पण एकही शब्द हरवला नाही. "वारसा" तर मुद्दाम चारदा म्हणाले!

१२ मार्च
आर्विद उद्या येतोय. पिंजरा धुतला. चाकाची घरघर गेली की पहाटे जाग कशाने येणार?

१३ मार्च
काठी टेकत आला. पिंजऱ्याकडे पाहिलंही नाही. सरळ माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि नोव्हेंबरात धरला होता तसाच धरून उभा राहिला. "हं, आता गरम आहे," म्हणाला. कॉफी प्यायला. निघाला. मी दारात पिंजरा घेऊन उभी. "अरे, तुझा सिनेटर!" जिन्यावरून मागे न बघता म्हणाला, "राहू दे. पुढच्या हिवाळ्यातही लागेल तुला."